‘एसओएस’ दिसतंय की ‘नो सर्व्हिस’, ते आधी सांगा

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत ठाण्यातल्या मोबाइलच्या दुकानांत दुरुस्तीचं एक वेगळंच काम येतं. फोन समोर नसतोच. तो सिंगापूरला, दुबईला नाहीतर झुरिकला असतो. गिऱ्हाईक हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सॲप कॉल करतं आणि म्हणतं, “रोमिंगचं पॅक मारलंय, तरी काही चालत नाही.” तिकडे सहलीची बस सुटायला दहा मिनिटं उरलेली असतात. नौपाड्यात काउंटरला बसून ही दुरुस्ती कशी चालते, ते इथे क्रमाने लिहितो आहोत. क्रमाला महत्त्व आहे. कारण कॉल करायच्या आधीच बहुतेकांनी सेटिंग्ज इतकी ढवळलेली असतात, की मूळचं दुखणं कोणतं आणि उपायातून उद्भवलेलं कोणतं, हे निवडण्यातच निम्मा वेळ जातो.

पहिला प्रश्न एकच: वरच्या पट्टीत नेमकं काय लिहिलंय? जमलं तर स्क्रीनशॉट मागवायचा, कारण “रेंज नाही” या वर्णनात सगळंच बसतं. ‘नो सर्व्हिस’ असेल तर फोनला टॉवर ऐकू येत नाही किंवा सिम वाचता येत नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’, आयफोनवर ‘एसओएस’, असेल तर टॉवर छान ऐकू येतोय, पण त्या नेटवर्कने आपल्याला आत घेतलेलं नाही. दोन्हींची औषधं वेगळी. पहिल्यात सिम काढून, पुसून परत घालायचं, ते सोबतच्या कुणाच्या फोनमध्ये घालून बघायचं, आणि फोन भाच्याने अमेरिकेतून पाठवलेला असेल तर तो तिथल्या कंपनीला लॉक आहे का, म्हणजे फक्त तिचंच सिम घेतो का, ते तपासायचं. दुसऱ्यात सिमला हात लावायचं काहीच कारण नाही. तरी माणसं पहिल्यांदा सिमच काढतात, तेही काकूंच्या कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडून, आणि नखाएवढं सिम हॉटेलच्या गालिच्यात हरवतं.

‘एसओएस’ का दिसतं, हे समजायला आत काय घडतं ते थोडं बघू. परदेशात फ्लाइट मोड काढला की फोन टॉवरला आपला आयएमएसआय कळवतो. हा सिममधला १५ आकडी क्रमांक, आपला मोबाइल नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन आकडे ४०४ किंवा ४०५ असले की पाहुणा भारतातला, हे तिथल्या नेटवर्कला कळतं. पुढच्या आकड्यांवरून कंपनी कळते. मग ते नेटवर्क भारतातल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतं: हे सिम तुमचंच ना, याला रोमिंग चालू आहे का, आमच्याकडे राहू द्यायचं का? तिकडून होकार आला की नोंदणी झाली. नकार आला की पट्टीत ‘एसओएस’.

यातला एक नकार अगदी निरुपद्रवी असतो. भारतातल्या कंपनीचा बऱ्याच देशांत एखाद्या नेटवर्कशी स्वस्तातला करार असतो. आपला फोन दुसऱ्याच नेटवर्कवर गेला तर कंपनी मुद्दाम काही वेळा नोंदणी नाकारते, म्हणजे फोन कंटाळून हव्या त्या नेटवर्कवर जाईल. तीन-चार नकारांनंतरही तो गेला नाही, तर सहसा असेल तिथे राहू दिला जातो. या खेळात पाच-दहा मिनिटं सहज जातात. म्हणून विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत दर मिनिटाला फ्लाइट मोड लावण्या-काढण्याने फायदा होत नाही, दर वेळी खेळ पहिल्यापासून सुरू होतो. एकदा फ्लाइट मोड लावा, अर्ध्या मिनिटाने काढा आणि सामानाच्या पट्ट्यापर्यंत फोन खिशात ठेवा.

पक्का नकार मात्र चिकटून बसतो. ‘या नेटवर्कवर तुला परवानगी नाही’ असं उत्तर आलं की फोन त्या नेटवर्कचा क्रमांक एका वर्ज्य यादीत टाकतो. यादी छोटी, साधारण चार नोंदींची, पण ती सिमवर लिहिलेली असते. फोन बंद करून चालू केला तरी ती पुसली जात नाही. समजा, रोमिंग चालू न करताच कुणी सिंगापूरला उतरलं. तिथल्या तीन नेटवर्कनी नकार दिला. मग तासाभराने मुलाने ठाण्यातून पॅक मारलं. कंपनीच्या बाजूला आता सगळं बरोबर आहे, कॉल सेंटरवालाही तसंच सांगतो, पण फोन त्या तीन नेटवर्कांकडे आपणहून फिरकत नाही. ‘पॅक चालू आहे, तरी एसओएस जात नाही’ या तक्रारीच्या मुळाशी आम्हाला बरेचदा हीच यादी सापडते.

उपाय म्हणजे नेटवर्क हाताने निवडणं. हाताने निवडलं की फोन ती यादी बाजूला ठेवून प्रयत्न करतो आणि नोंदणी झाली की ते नाव यादीतून काढतो. सॅमसंगवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाइल नेटवर्क्स, नेटवर्क ऑपरेटर्स या वाटेने जायचं. आयफोनवर मोबाइल सर्व्हिसमध्ये आपल्या सिमवर दाबून नेटवर्क सिलेक्शन. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ बंद करायचं. शोध चालू असताना मोबाइल डेटा बंद असलेला बरा, नाहीतर काही अँड्रॉइड फोन शोध अर्ध्यावर सोडतात. फोनवरचं बोलणं साधारण असं चालतं:

“काका, ऑटोमॅटिकचं बटण बंद करा आणि फोन टेबलावर ठेवा. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतील.”

“आली. सिंगटेल, स्टारहब… आणि एक नुसताच आकडा आहे, ५२५०३.”

“तो एम-वन. आकडा आला तरी घाबरू नका. पॅकच्या मेसेजमध्ये कोणाचं नाव आहे? त्याच्यावर दाबा, आणि गोल फिरतंय तोवर मागे येऊ नका.”

“नॉट अलाउड म्हणतंय हो.”

“हरकत नाही, आता दुसरं.”

नावाऐवजी येणारा आकडा म्हणजे देशाचा आणि नेटवर्कचा संकेत. ५२५ म्हणजे सिंगापूर. त्यात ०१ सिंगटेल, ०३ एम-वन, ०५ स्टारहब. अमिरातीत ४२४०२ म्हणजे एतिसलात आणि ४२४०३ म्हणजे डू. प्रत्येक नाव एकेकदा नीट करून बघायचं. एक जरी लागलं तर काम झालं; देश बदलायच्या आधी ऑटोमॅटिक पुन्हा चालू करायचं तेवढं लक्षात ठेवा. नाहीतर सिंगापूरचं नेटवर्क निवडलेला फोन क्वालालंपूरला उतरूनही तेच शोधत बसतो. सगळ्यांनी नकार दिला, तर मग दोष फोनमध्ये नाही. प्रश्न भारतात आहे.

भारतात बघायच्या गोष्टी दोन, आणि लोक त्यांची गल्लत करतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग ही खात्यावरची सेवा. पॅक म्हणजे तिच्या दरावरची सवलत. पॅक घेताना सेवा आपोआप सुरू होते, असं असायला हवं आणि बहुधा होतंही, पण ॲपमध्ये दोन्ही वेगळं तपासा. प्रीपेडला तिसरी अट असते: नेहमीच्या रिचार्जची मुदत जिवंत हवी. चौदा दिवसांच्या सहलीला निघताना मूळ रिचार्जचे नऊच दिवस उरलेले असतील, तर दहाव्या दिवशी रोमिंग पॅक असूनही फोन थंड पडू शकतो. पॅकचं घड्याळही नीट वाचून घ्या. काही पॅक घेतल्या क्षणापासून सुरू होतात, काही परदेशातल्या नेटवर्कवर पहिली नोंदणी झाल्यापासून. काहींचा ‘एक दिवस’ म्हणजे २४ तास, काहींचा भारतीय वेळेच्या मध्यरात्रीपर्यंत. भारतातली मध्यरात्र म्हणजे सिंगापुरात रात्रीचे अडीच.

ॲप उघडताना एक सापळा आहे. कंपनीचं ॲप लॉगिनसाठी ओटीपी मागतं आणि तो ओटीपी जातो त्याच नंबरवर, ज्याला नेटवर्क नाही. म्हणून निघायच्या आधी ठाण्यातच ॲपमध्ये लॉगिन करून ठेवायचं आणि ते लॉगिन राहू द्यायचं. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही आणखी एक सुचवतो: घरी राहणाऱ्या एखाद्याच्या फोनवरही तोच नंबर ॲपमध्ये जोडून ठेवा, म्हणजे वाशीत बसलेला मुलगा सेवा चालू आहे का ते बघू शकतो.

प्रीपेड आणि पोस्टपेडची नेटवर्कची यादी एकच असते, असंही समजू नका. प्रीपेडवाल्याने परदेशात कॉल लावला की शिल्लक किती आणि किती सेकंद बोलू द्यायचं, हे त्याच क्षणी भारतातल्या सर्व्हरला विचारावं लागतं. त्यासाठी दोन्ही कंपन्यांत कॅमल नावाच्या यंत्रणेचा करार लागतो. तो नसेल तर प्रीपेडवर त्या नेटवर्कमध्ये एसएमएस येतात, कधी इंटरनेटही चालतं, पण कॉल लावला की लगेच तुटतो. शेजारच्या सीटवरच्या पोस्टपेडवाल्याचं त्याच नेटवर्कवर सगळं सुरळीत चालू असतं, आणि आपल्याला वाटतं आपलं सिम खराब आहे.

आता नोंदणी झाली, पट्टीत तिथल्या कंपनीचं नाव आलं, पण इंटरनेट नाही. इथे पहिली तपासणी अगदी साधी, ‘डेटा रोमिंग’चं बटण. मोबाइल डेटा वेगळा आणि डेटा रोमिंग वेगळं. दोन सिम असतील तर हे बटण सिमगणिक वेगळं असतं, आणि लोकांनी ते हटकून दुसऱ्या सिमवर चालू केलेलं असतं. ते ठीक असेल तर एपीएन बघायचा, म्हणजे फोन कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटला जायचं त्याचं नाव. एअरटेलचा ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, जिओचा ‘जिओनेट’, बीएसएनएलचा ‘बीएसएनएलनेट’. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जुन्या फोनमधून नव्यात सेटिंग्ज आणलेल्यांच्या एपीएनमध्ये भलतंच काही निघतं, आणि ठाण्यात ते खपून जातं, कारण घरचं नेटवर्क चुकीचा एपीएन पदरात घेऊ शकतं. परदेशातलं नेटवर्क मात्र तो एपीएन जसाच्या तसा शोधायला जातं, सापडला नाही की जोडणीच होत नाही. एपीएनच्या पानावर खाली ‘एपीएन रोमिंग प्रोटोकॉल’ असतो. तो नुसता आयपीव्ही६ असेल तर आयपीव्ही४/आयपीव्ही६ करून बघा. काही परदेशी नेटवर्क पाहुण्या सिमला नुसत्या आयपीव्ही६ वर जोडणी देत नाहीत.

‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’ हे बटण यूट्यूबवरचा प्रत्येक जण दाबायला सांगतो. आम्ही ते शेवटपर्यंत टाळतो. त्याने वायफायचे सगळे पासवर्ड जातात, म्हणजे ज्या हॉटेलच्या वायफायवरून आपण बोलतोय तेच तुटतं. आणि त्याच पानावर काही फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवलेलं सिम, पुसायचाही पर्याय असतो. परदेशात भारतीय ई-सिम पुसलं गेलं तर ते परत घ्यायला पुन्हा त्याच नंबरवरचा ओटीपी किंवा एसएमएस लागतो. तो मिळणार कुठून?

पट्टीत ४जी आहे, रोमिंगची खूण ‘आर’ आहे, तरी पानं उघडत नाहीत, ही पुढची पायरी. इथे नेटवर्कचा दोष कमीच निघतो. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवणारं ॲप, चालू राहिलेलं असतं. वेबसाइटचं नाव शोधून देणाऱ्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ सेटिंगमध्ये जाहिराती अडवणारा पत्ता घातलेला असतो. किंवा हाताने वेळ लावल्यामुळे फोनचं घड्याळ चुकलेलं असतं आणि बँकेपासून ब्राउझरपर्यंत सगळेच सुरक्षेच्या कारणाने जोडणी नाकारतात. वेळ आणि टाइम झोन ऑटोमॅटिकवर टाका. हे सगळं ठीक असूनही इंटरनेट मंद वाटत असेल, तर त्याचं कारण रचनेतच आहे. रोमिंगचा डेटा तिथल्या टॉवरवरून सरळ इंटरनेटला जात नाही, आधी भारतात आपल्या कंपनीकडे येतो आणि तिथून बाहेर पडतो. न्यूयॉर्कमधून न्यूयॉर्कचीच वेबसाइट उघडली तरी वाट मुंबईवरून. याचा फायदाही आहे. चीनमध्ये भारतीय सिमच्या रोमिंगवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडतात, तिथल्या हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत. भारतातली बँकेची ॲपही तुम्हाला भारतातच समजतात.

हल्ली बरेच जण डेटासाठी प्रवासाचं वेगळं ई-सिम घेतात आणि भारतीय सिम फक्त ओटीपीसाठी ठेवतात. बेत चांगला, पण यातली नेहमीची अडचण गंमतशीर आहे. डेटा रोमिंग चालू केलं तर खर्च होईल, या धास्तीने लोक ते दोन्ही सिमवर बंद ठेवतात आणि मग नवं ई-सिम चालत नाही म्हणून कळवतात. ते ई-सिम बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणजे तेही पाहुणंच. त्याच्यावर डेटा रोमिंग चालूच हवं. बंद ठेवायचं ते भारतीय सिमवरचं. शिवाय आयफोनमधलं ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ आणि अँड्रॉइडमधलं आपोआप डेटा सिम बदलण्याचं बटण बंद करा, नाहीतर नव्या सिमची रेंज जराशी गेली की फोन गुपचूप भारतीय सिमवर डेटा घेऊ लागतो. ई-सिमचा क्यूआर ठाण्यातच स्कॅन करून फोनमध्ये उतरवून ठेवा. स्कॅन करायला इंटरनेट लागतं, आणि असे क्यूआर बहुधा एकदाच चालतात.

इंटरनेट चालतं पण साधा कॉल लागत नाही, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली. जुन्या काळी ४जी वरचा फोन कॉलच्या वेळी ३जी किंवा २जी वर उतरायचा. आता कित्येक देशांत उतरायला खालची पायरीच नाही. सिंगापूरने २जी २०१७ मध्ये बंद केलं आणि ३जी बंद करायला २०२४ मध्ये घेतलं. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांचं ३जी २०२२ मध्ये संपलं, ऑस्ट्रेलियातलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. अशा देशात कॉल लागायला व्होल्टी (४जी वरूनच कॉल नेण्याची सोय) रोमिंगमध्ये चालावं लागतं: फोनमध्ये सोय, भारतीय कंपनीची तयारी आणि त्या परदेशी नेटवर्कशी तसा करार, तिन्ही हवं. त्यामुळे सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे का ते बघा, प्रेफर्ड नेटवर्क ‘५जी ऑटो’ऐवजी ‘एलटीई/३जी/२जी ऑटो’ (एलटीई म्हणजे ४जी) करून बघा, आणि नंबर +९१ लावूनच फिरवा. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं. संपर्क यादीतले नंबर नुसते दहा आकडी असतील तर सिंगापूरचं नेटवर्क त्यांना सिंगापूरचे समजतं. एवढ्यानेही कॉल लागला नाही तर त्या देशापुरतं दुसरं भागीदार नेटवर्क हाताने निवडून बघायचं. तेही नाही जमलं तर व्हॉट्सॲप कॉलवर भागवायचं, त्यावर वेळ घालवू नका. साधा छोटा फोन मात्र अशा देशात न्यायचाच नाही. ज्येष्ठ मंडळींना तो सवयीचा असतो, पण २जी चा फोन सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर घड्याळापुरताच उरतो.

खरा घाम फोडतो तो ओटीपी. कॉल नसला तरी चालतं, पण कार्डाने पैसे भरताना ओटीपी आला नाही तर गाडी तिथेच अडते. ओटीपी यायला डेटा रोमिंग लागत नाही, पॅकही लागतंच असं नाही. सेवा चालू आणि नोंदणी झालेली असली की एसएमएस येतो, आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. आला नाही की आधी घरच्या कुणाला एक साधा एसएमएस पाठवायला सांगायचं, व्हॉट्सॲप नव्हे. तो आला तर नोंदणी ठीक आहे, अडथळा बँकेच्या बाजूला आहे. दहा मिनिटांनी पुन्हा मागवा, ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ फोल्डर बघा, बँकेने ईमेलवर ओटीपीची सोय दिली असेल तर ती वापरा. साधा एसएमएसही आला नाही तर फोन एकदा फ्लाइट मोडमध्ये घालून दुसऱ्या भागीदार नेटवर्कवर न्या. अडकलेले मेसेज नव्या नोंदणीनंतर एकदम धडाधडा येतात. त्यातले जुने ओटीपी टाकायचे नाहीत, सगळ्यात शेवटचाच चालतो.

एसएमएस येतात पण जात नाहीत, हे निराळं. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप नव्याने टाकलं की ते फोनमधून एक एसएमएस पाठवून सिमची खात्री करतं, आणि नेमका तोच जात नाही. सिममध्ये मेसेज सेंटरचा नंबर साठवलेला असतो. तो +९१ ने सुरू होत नसेल तर ठाण्यातून मेसेज जातात, परदेशातून जात नाहीत. आयफोनवर *#५००५*७६७२# फिरवून तो बघता येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* मध्ये फोन इन्फर्मेशनखाली ‘एसएमएससी’ असतो. पण याहून सोपं म्हणजे परदेशात असताना बँकेचं ॲप काढायचंच नाही, ‘क्लिअर डेटा’ करायचं नाही आणि सिम दुसऱ्या खाचेत सरकवायचं नाही. सिम हललं की ॲप पुन्हा खात्री मागतं.

याच विषयात सगळ्यात महागात पडणारा घोळ निघायच्या आदल्या दिवशी होतो. नवा फोन घेतला, साधं सिम बसत नाही किंवा ई-सिमची हौस आली, म्हणून संध्याकाळी गोखले रोडला येऊन सिम बदलून घेतलं आणि पहाटे सहारचं विमान. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएसचं येणं-जाणं बंद ठेवायचं, असा दूरसंचार विभागाचा २०२२ चा आदेश आहे. चोराने परस्पर सिम बदलून ओटीपी लाटू नयेत म्हणून तो काढला, आणि योग्यच आहे. पण प्रवाशाला त्याचा फटका नेमका पहिल्या दिवशी बसतो. साध्यावरून ई-सिमवर जाणं हेही सिम बदलणंच. ते काम आठवडाभर आधी करा. निघायला दोन दिवस असताना कुणी सिम बदलायला आलं तर आम्ही हे सांगून परत पाठवतो, राग आला तरी.

कॉल फॉरवर्डिंगबद्दल थोडं, कारण बिलात ते उगाच डोकं वर काढतं. ‘उचलला नाही तर व्हॉइसमेलला’ किंवा दुसऱ्या नंबरला, असं लावलेलं असेल तर ठाण्याहून आलेला कॉल आधी सिंगापूरला आपल्या फोनपर्यंत जातो, तिथे उचलला गेला नाही की पुन्हा भारतात वळतो. जाण्याचे पैसे आपले, परत वळण्याचेही आपलेच, आणि बोललं कुणीच नाही. निघायच्या आधी ##००२# फिरवून सगळं फॉरवर्डिंग काढून टाका.

विमानातल्या आणि जहाजावरच्या नेटवर्कपासून जपायचं. एअरोमोबाइल, सिटा ऑनएअर अशी नावं पट्टीत दिसली तर ते उपग्रहावरून चालणारं नेटवर्क आहे, त्याचा संकेत ९०१ ने सुरू होतो आणि तो कोणत्याही देशाचा नाही. त्यामुळे ‘सिंगापूर पॅक’ तिथे लागू होत नाही. क्रूझवर बंदर सुटलं की फ्लाइट मोड. जमिनीवर असाच प्रकार सीमेजवळ होतो. जिनेव्हात फोन फ्रान्सचा टॉवर पकडतो, नायगाऱ्याला अमेरिकेत उभं राहून कॅनडाचा. पॅक एकाच देशाचं असेल तर अशा जागी त्या देशाचं नेटवर्क हाताने निवडून ठेवायचं.

एवढं करूनही जमलं नाही तर कंपनीशी बोलावं लागतं. भारतातले १९८, १२१ असे छोटे नंबर बाहेरून लागतीलच असं नाही. +९१ ने सुरू होणारा रोमिंग मदतीचा पूर्ण नंबर निघायच्या आधी उतरवून घ्या, आणि तो कागदावर असू द्या. कॉल सेंटरला “नेटवर्क येत नाही” सांगितलं की उत्तर येतं “फोन रिस्टार्ट करा”. त्याऐवजी असं सांगायचं: देश आणि शहर, हाताने निवडून बघितलेल्या नेटवर्कांची नावं, प्रत्येकाने दिलेला नेमका संदेश, प्रयत्नाची वेळ भारतीय वेळेत, फोनचं मॉडेल, *#०६# ने मिळालेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आणि हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघितलं का. मग दोन गोष्टी मागायच्या: आंतरराष्ट्रीय रोमिंग खात्यावर एकदा बंद करून पुन्हा चालू करा, आणि जुनी लोकेशनची नोंद (आपण शेवटी कोणत्या नेटवर्कवर होतो ती) काढून रिफ्रेश करा. ते केल्यावर फोन पंधरा मिनिटं बंद ठेवून चालू करायचा आणि पुन्हा हाताने नेटवर्क निवडायचं, वर्ज्य यादी अजून सिमवर असेल म्हणून. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्यायचा. परत आल्यावर बिलावरून वाद झाला तर त्या नंबरावाचून कुणी दाद देत नाही. कॉल सेंटरने ऐकलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत ती सोय आहे आणि तिला शुल्क नाही.

बिल बघताना एक ध्यानात ठेवा: परदेशी नेटवर्ककडून वापराचा हिशेब भारतात उशिराने येतो. पोस्टपेडवर ॲपमधला आकडा शून्य दिसतोय म्हणजे खर्च झाला नाही, असं नसतं. फोनमधल्या ‘डेटा युसेज’मध्ये रोमिंगचा वेगळा आकडा असतो, त्याचा रोज रात्री स्क्रीनशॉट काढून ठेवा.